तुझ्या नावातला बाबा

प्रिय सई,

काल झोपताना तू विचारलंस, "माझ्या नावात मध्येच बाबाचं नाव कशाला? वर्गात कुणाच्याच नसतं." मी पेंगत "आपल्यात असतंच" म्हणून मोकळी झाले. ते काही उत्तर नव्हे. म्हणून ही चिठ्ठी दप्तरात ठेवतेय.

इथे स्वीडनमध्ये तुझ्या बाकावरची ती अँडरसन घे. तिच्या घरात अँडर्स नावाचं कुणीच नाही. पण मागे कधीतरी एक अँडर्स होता. इथल्या स्पेलिंगात मधे दोन 'एस' लागोपाठ येतात, बघ. पहिला अँडर्सच्याच नावातला, दुसऱ्यापासून 'सोन' सुरू होतो, म्हणजे मुलगा. अँडर्सचा मुलगा! मुलगी असली तर अँडर्सदोतर. (आजीला सांग, संस्कृतातले 'सूनु' आणि 'दुहिता' हे यांचेच लांबचे भाऊबंद.)

म्हणजे हे आडनाव नव्हतंच, आपल्यासारखं बापाचं नाव होतं. अँडर्सच्या मुलाचं नाव योहान, तर त्याची मुलं योहानसन. पिढी बदलली की नाव बदललं. बाई लग्नानंतरही अँडर्सदोतरच राहायची. माझ्या पासपोर्टवर मात्र लग्नानंतर तुझ्या आजोबांचं नाव जाऊन बाबाचं आलं. तेवढ्यापुरत्या इथल्या जुन्या शेतकरणी माझ्यापेक्षा बऱ्या होत्या.

घोळ एकच. गावोगाव तेच अँडर्स, तेच योहान, तेच कार्ल. पलटणीत एकाच नावाचे चार-चार शिपाई निघायचे, म्हणून तिथे त्यांना वेगळी नावं चिकटवायचे: रास्क म्हणजे चपळ, मोदिग म्हणजे धीट, शोल्ड म्हणजे ढाल. पुढे एकोणिसाव्या शतकात लोक बापाचंच नाव नातवंडांनाही लावू लागले आणि हळूहळू ते कायमचं झालं. ज्या घरात तेव्हा अँडरसन चालू होतं, तिथे सगळे अँडरसन, मुलीसुद्धा. तुझी मैत्रीण कागदोपत्री 'अँडर्सचा मुलगा' आहे! हे तिला भांडताना सांगू नकोस.

डेन्मार्क-नॉर्वेत 'सोन'चं 'सेन' झालं: हान्सेन, येन्सेन. 1850 ते 1930 या काळात जवळजवळ 13 लाख स्वीडिश माणसं अमेरिकेला गेली, तिथे पुष्कळ अँडरसनांचा एक 'एस' गळाला. आइसलँडने तेवढी जुनी रीत सोडली नाही. 1980 साली तिथे राष्ट्राध्यक्ष झालेल्या विग्डिस फिनबोगादोत्तिर म्हणजे फिनबोगींची मुलगी, बस्स. तिथल्या टेलिफोन डिरेक्टरीतही माणूस पहिल्या नावाने शोधायचा.

आपण दोन्ही ठेवलंय. बाबाचं नाव तुझ्यापुरतं, सासवडकर हे गावाचं, सगळ्यांचं. आणि 2024 साली महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदांवर बाळाच्या नावापुढे आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं ठरवलं. तुझ्या वेळी हे असतं तर मीही तुझ्या नावात असते, बाबाच्या आधी!

परवा लस घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी "महेश!" अशी हाक मारली, आठवतंय? तू खुर्चीतच बसून राहिलीस आणि बाबा उठून उभा राहिला. त्यांच्या पणजीच्या काळी असतीस तर हाक आली असती, "सई महेशदोतर". वहीच्या मागच्या पानावर लिहून बघ कसं दिसतंय.

तुझी,
आई