एआयने चित्र काढलं : कोणी की कशाने?

वर्धमाननगरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांची मुलगी आठवीत आहे, तिने शाळेच्या प्रोजेक्टवर एक चित्र चिकटवलं आणि खाली लिहिलं 'एआयने काढलेलं चित्र', तर बाईंनी 'काढलेलं'वर लाल रेघ मारून वर 'बनवलेलं' लिहिलं. ताई विचारतात, बरोबर काय? काढलं, बनवलं, की रचलं-निर्मिलं असं काही भारी? आणि जोडीला दुसरा प्रश्न, की आता एआय म्हणे चित्राला अन गाण्याला मार्कही देतं, तर त्याला 'दाद देणं' म्हणता येईल का, कारण 'मूल्यमापन' फार सरकारी वाटतं.

बाईंच्या लाल रेघेपासून सुरू करतो. 'बनवणे' आपण नागपूरकर कशालाही लावतो. पोळ्या बनवतो, घर बनवतो, सकाळी उठून दाढी बनवतो, आणि पुण्याकडचे पाहुणे त्यावर हमखास टोकतात की पोळ्या करतात हो, बनवत नाहीत. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आपल्या अंगणातच होती, तिकडून हा शब्द आला अन राहिला, मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. पण मराठीत बनवणे याचा एक दुसरा अर्थ आहे, 'त्याने मला बनवलं' म्हणजे गंडवलं. बनाव, बनावट, बनवाबनवी सगळी त्याच घरची मंडळी. म्हणजे बाईंनी शब्द सुधारता सुधारता नकळत शेराच मारला म्हणायचा.

आता 'काढणे'. बाईंना बहुतेक असं वाटलं असेल की चित्र काढायला हात लागतो, डोकं लागतं, मशीनला कुठलं. पण मराठीला असं काही वाटत नाही. आपण फोटो काढतो, झेरॉक्स काढतो, एक्सरे काढतो, प्रिंट काढतो, यातलं सगळं काम मशीनच करतं तरी क्रियापद काढणेच. आणि याच क्रियापदाची एक बिनकर्त्याची जोडीदारीण आहे, निघणे. 'झेरॉक्स काळी निघाली', 'फोटो छान निघाला'. हे निघणे मला एआयच्या बाबतीत लई आवडतं कारण खरंच तसंच होतं, चार ओळी टाकायच्या, थांबायचं, आणि काय निघतं ते बघायचं. गेल्या वर्षी मी मारबतीचं चित्र मागितलं होतं, मिरवणुकीतल्या काळ्या मारबतीच्या पुतळ्याचं, तर निघाली एक दागिने घातलेली प्रसन्न देवी, हातात दिवा, मागे बनारसचा घाट! जिला इडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणून गावाबाहेर नेऊन जाळायचं तिचीच आरती ओवाळायला घेतली. तर सांगायचं हे की 'काढणे' चूक नाही. मुलीने बरोबर लिहिलं होतं.

मग खटकतं काय? खटकतो तो 'ने'.

मराठीत तृतीयेचा 'ने' दोन कामं करतो. 'आईने भाजी चिरली' यात आई कर्ता. 'चाकूने भाजी चिरली' यात चाकू साधन, जुन्या व्याकरणात ज्याला करण म्हणतात. प्रत्यय तोच, वाक्याचा सांगाडा तोच, तरी कोणीही कधी गोंधळत नाही कारण आई कोण अन चाकू काय ते आपल्याला आधीच माहीत असतं. आता 'एआयने चित्र काढलं' हे वाक्य घ्या. हे आईच्या रांगेतलं की चाकूच्या? वाक्य सांगत नाही. दोन्हीकडून बरोबर आहे, म्हणूनच ते इतकं सहज खपून जातं. पण आपल्या भाषेत हे पकडायला एक साधी युक्ती आहे, प्रश्न विचारायचा. माणसाला आपण 'कोणी' म्हणतो आणि वस्तूला 'कशाने'. चित्र कोणी काढलं? चित्र कशाने काढलं? यातल्या ज्या प्रश्नाला 'एआय' हे उत्तर देताना तुमची जीभ अडखळत नाही तो तुमचा पक्ष.

आमच्या घरी या परीक्षेचा निकाल आजीने लावला. तिच्या पंचाहत्तरीला भाच्याने मोबाइलवर एआयकडून एक गाणं तयार करून घेतलं, शब्द त्याचे, चाल अन आवाज त्या ॲपचा, तबला-पेटी सगळं टाकलेलं. स्पीकरवर लावलं, सगळे आजीच्या तोंडाकडे बघताहेत. गाण्यात 'सावळी' होतं, 'केळीच्या पानावर' होतं, 'वेळ' होतं, आणि ती गाणारी बाई प्रत्येक ळचा ल करत होती, सावली, केली, वेल. आजी दोन कडवी ऐकत राहिली मग म्हणाली, "हे कोन गाऊन राहिली रे? सुपारी हाये का हिच्या तोंडात?" भाचा म्हणे, आजी कोणी नाही, कॉम्प्युटर आहे. "असं कसं कोनी नाही, गाऊन तर राहिली!" तिच्या कानाला 'कशाने' हा प्रश्न सुचलाच नाही. आवाज आला की 'कोण' येतोच, चित्राच्या बाबतीत तेवढं होत नाही, हे माझं एक निरीक्षण.

या 'कोणी' आणि 'कशाने'ची भानगड मराठीपुरती नाही, सगळ्या जगाची तिथेच अडचण झालीय. २०१८ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात एक पुसट चेहऱ्याचं पोर्ट्रेट ४,३२,५०० डॉलरला गेलं, ऑब्व्हियस नावाच्या फ्रेंच मंडळींनी एआयकडून काढून घेतलेलं, आणि खाली उजव्या कोपऱ्यात चित्रकाराच्या सहीच्या जागी चक्क गणिताचं सूत्र छापलं होतं. म्हणजे 'कशाने'ची सही 'कोणी'च्या जागेवर. त्याउलट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडोच्या जत्रेत जेसन ॲलन यांनी मिडजर्नी या चित्रं काढून देणाऱ्या एआयच्या चित्रावर बक्षीस मिळवलं तेव्हा चित्रकार म्हणून नाव दिलं होतं ते 'जेसन ॲलन, मिडजर्नीमार्फत' अशा अर्थाचं. हा 'मार्फत' मला फार चोख वाटतो. पुढे त्यांनी कॉपीराइट मागितला, निदान ६२४ वेळा सूचना बदलून बदलून चित्र आणलं म्हणाले, तरी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये नाही म्हटलं, मशीनने केलेला भाग सोडून उरलेल्यावर हक्क सांगा म्हणाले आणि ते यांना मंजूर नव्हतं.

आपल्याकडचा कायदा यात मजेशीर आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा, त्यात १९९४ ला एक कलम घातलं, की संगणकाने निर्माण झालेल्या कलाकृतीचा कर्ता कोण, तर जो ती निर्माण करवतो तो. करवतो! कर्ता-करविता आपण देवाला म्हणतो, कायद्याने करवित्यालाच कर्ता करून टाकलं. आता एआयच्या जमान्यात हा करविता नेमका कोण, सूचना टाइप करणारा की प्रोग्राम लिहिणारा की कंपनी, त्यावर वकील लोक भांडतीलच, पण शब्द म्हणून बघा, मराठीत प्रयोजक क्रियापद आधीपासून तयार बसलंय. करणे-करवणे, 'त्याच्याकडून काढून घेणे'. सुताराकडून कपाट करवून घेतलं म्हटलं की कपाट कोणी केलं अन कोणी सांगितलं दोन्ही कळतं.

आता दाद.

मशीन कला निर्माण करतं याची बातमी होते, पण ते पारखतं ही गोष्ट तितकीच जुनी आहे. १९५७ मध्येच, हो त्याच वर्षी, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅक्सन या दोघांनी इलियॅक नावाच्या कॉम्प्युटरकडून चार तंतुवाद्यांसाठी एक रचना करवून घेतली. पद्धत काय, तर मशीनने आंधळेपणाने स्वर उचलायचे आणि मग संगीताच्या नियमांना ते बसतात का बघायचं, नाही बसले की फेकायचे, पुन्हा उचलायचे. गहू निवडल्यासारखं. म्हणजे निम्मं काम चाळणीचंच. नंतर १९९४ च्या सुमाराला जॉन बाइल्स म्हणून एका ट्रम्पेट वाजवणाऱ्या प्राध्यापकांनी जॅझ वाजवणारा प्रोग्राम केला, जेनजॅम, तर त्यात चाळणी ते स्वतः होते, ऐकता ऐकता चांगलं वाटलं की एक बटण, वाईट वाटलं की दुसरं. तो माणूस अक्षरशः बसून दाद देत होता. आणि आता हेच काम माणसांकडून शिकलेल्या मशीनकडे दिलंय. लाखो फोटोंना लोकांनी १ ते १० मध्ये दिलेले गुण गोळा करायचे, त्यावर मॉडेल शिकवायचं, मग ते नव्या चित्राला गुण देतं. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं काढणाऱ्या एआयला शिकवायला चित्रं निवडली त्यातही असा गुण देणारा प्रोग्राम बसवला होता, १० पैकी ५ च्या वरची चित्रं आत. म्हणजे एआयची चित्रं सगळी अशी चकचकीत, कॅलेंडरछाप का दिसतात त्याचं थोडं उत्तर या चाळणीतही आहे.

याला दाद म्हणायचं का? दाद हा शब्द फारसीतला, मूळ अर्थ न्याय. म्हणून कोर्टात दाद मागतात, म्हणून दाद ना फिर्याद. मैफलीत आपण दाद देतो म्हणजे गाणाऱ्याला त्याचा न्याय देतो, तुझं मला पोचलं असं सांगतो. त्यामुळे ज्याला काही पोचतच नाही त्याने दाद दिली म्हणणं मला जड जातं. मशीन देतं ते गुण. आणि गुण शब्द तर मस्तच आहे, एकाच शब्दात मार्क पण अन अंगचा चांगुलपणा पण, शाळेने आपल्याला पहिला अर्थ इतका घोकवला की दुसरा मागे पडला. भाच्याने ते पंचाहत्तरीचं गाणं गाण्यांना मार्क देणाऱ्या दुसऱ्या एका ॲपला ऐकवलं, १० पैकी ८ मिळाले. ळ गेला त्याचा एकही मार्क कापला नाही. आजीला सांगितलं तर म्हणे, "मले विचारा ना, मी तीन देतो." (तिकडच्या वाचकांसाठी, आमच्या वऱ्हाडी बाया 'मी देतो'च म्हणतात, यावर वेगळी शब्दचर्चा होऊ शकते.)

पण गुण देणे हे जरा शाळकरी वाटत असेल तर माझ्या मते सगळ्यात नेमका शब्द आहे कस लावणे. लहानपणी वडिलांसोबत इतवारीच्या सराफ्यात गेलो होतो, मोडीची अंगठी होती. सराफाने काळा दगड काढला, त्यावर अंगठी घासली, एक पिवळी रेघ उठली. शेजारी आधीच माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढली, दोन्हीवर काचेच्या कांडीने ॲसिडचा थेंब सोडला आणि कुठली रेघ किती टिकते ते बघत बसला. मी विचारलं, दगडाला कसं कळतं? तो हसला, म्हणे दगडाला काही नाही कळत बाबू, मला कळते. तर हे मॉडेल म्हणजे तो दगड अधिक शेजारची माहितीतली रेघ, लोकांनी आधी ओढून ठेवलेली. निकष हाही मूळ संस्कृतात कसोटीचा दगडच. म्हणून मशीन कस लावतं म्हणा, निकष लावतं म्हणा, पण पारख हा शब्द (परीक्षा झिजून झिजून झालेला) सराफासाठी ठेवा. 'मूल्यमापन' रिपोर्टात लिहायला ठीक आहे, बोलताना मी तरी वापरणार नाही. आणि 'रसग्रहण' तर नकोच नको, रस ग्रहण करायला काहीतरी जीभ पाहिजे.

तर ताई, मुलीला सांगा 'काढलेलं' ठेव, फक्त 'एआयने'च्या जागी 'एआयकडून' कर. 'एआयकडून काढून घेतलेलं चित्र', आणि पुढे तिचं नाव, इयत्ता आठवी, कारण घेणारी ती आहे. काय सूचना दिली होती ती पण एका ओळीत लिहिली तर बाईंना कळेल की तिचं त्यात किती अन काय आहे. बाईंनी तरी मार्क कापले तर शांतपणे व्याकरणाच्या पुस्तकातली तृतीया दाखवा, भांडू नका.

राहता राहिलं एआयचं लिंग, जे तुम्ही विचारलं नाही पण पुढचा प्रश्न तोच येणार. मी वर 'एआय देतं' असं नपुंसकलिंगी लिहिलंय, माझा भाचा 'एआय सांगतो' म्हणतो, ऑफिसातल्या मुली बुद्धिमत्ता धरून 'सांगते' म्हणतात, तिन्ही सध्या चालू आहेत. आमच्या आजीकडे मात्र ती बाईच आहे, ती सुपारीवाली.