न दिसणाऱ्याचं वजन करायचं म्हणते

पत्र: माझी मुलगी अकरावीत आहे. गणित आणि भौतिकशास्त्र चांगलं आहे. मध्यंतरी तिने दीर्घिकासमूहांवरचं एक व्याख्यान ऐकलं, तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ असं धरून बसली आहे. ‘आधी इंजिनिअरिंग कर, मग बघू’ म्हटलं, तर आता या विषयावर आमच्याशी बोलतच नाही. ही माणसं दिवसभर नेमकं करतात काय? त्यांना पगार कोण देतं? आणि नाही जमलं तर पुढे काय? – एक वडील

नमस्कार,

बहुतेक पालक पगारापासून सुरुवात करतात. तुम्ही ‘दिवसभर करतात काय’ हे आधी विचारलंत, म्हणून मीही त्यालाच आधी हात घालते.

रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसलेला शास्त्रज्ञ तुमच्या मनात असेल, तर तो पुसून टाका. या क्षेत्रातल्या माणसाचा दिवस संगणकासमोर जातो, आणि त्यातला बराचसा स्वतःच्याच प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात. दीर्घिकासमूह म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या शेकडो, कधी हजारावर दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड मेळे. पण समूहाच्या एकूण वस्तुमानात त्या दीर्घिकांमधले तारे भरतात जेमतेम काही टक्के. त्यांच्या कितीतरी पट वायू मधल्या मोकळ्या जागेत पसरलेला असतो. तो कोट्यवधी अंश तापलेला असल्यामुळे क्ष-किरणांत चमकतो. उरलेलं, म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त, कृष्णद्रव्य. ते कशातच दिसत नाही. त्याचं वजन करायचं, हा या लोकांचा धंदा.

समजा, तुमची मुलगी दहा वर्षांनी अशा एका समूहाचं क्ष-किरणचित्र उघडून बसली आहे. चित्र आपलं म्हणायचं. समूह दूरचा असेल तर उपग्रहाने तासन्‌तास रोखून पाहिल्यावर हाती लागलेले हजारभर फोटॉनचे, म्हणजे प्रकाशकणांचे ठिपके, बस्स. त्यात जे बारीक आणि ठळक बिंदू दिसतात, ती बहुधा भलत्याच अंतरावरची, द्रव्य गिळणारी कृष्णविवरं. त्यांच्याभोवती एकेक वर्तुळ काढून तेवढा भाग ती वगळते. मग राहिलेल्या धूसर डागाचा वर्णपट काढायचा, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती फोटॉन ते मांडायचं, त्यावरून वायूचं तापमान, आणि तापमानावरून वस्तुमान. या शेवटच्या पायरीत एक गृहीतक लपलेलं असतं, ते म्हणजे वायू शांत आहे. समूह नुकताच दुसऱ्या समूहावर आदळला असेल, तर आतला वायू डुचमळत असतो आणि वजन कमी भरतं. किती कमी? दहा टक्के की तीस? या एवढ्याशा प्रश्नावर माणसांची वर्षं जातात. कारण कुठल्या काळात किती वजनाचे किती समूह होते, यावरून विश्वात एकूण द्रव्य किती आणि विश्वाचं प्रसरण वेगावणारी कृष्णऊर्जा वागते कशी, हे काढता येतं. २०१३ मध्ये प्लँक उपग्रहाने शोधलेल्या समूहांची संख्या त्याच उपग्रहाच्या पार्श्वप्रारणाच्या, म्हणजे विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेल्या प्रकाशाच्या मापनावरून अपेक्षित होती त्यापेक्षा कमी भरली, तेव्हा पहिला संशय या वजनकाट्यावरच गेला.

थोडक्यात, आकाशाच्या सौंदर्याने ओढ लागते, पण टिकतो तो आपल्याच उत्तरावर संशय घेणारा. काही गट तर अंतिम आकडा मुद्दाम स्वतःपासून लपवून ठेवतात आणि सगळ्या चाचण्या संपल्यावरच उघडतात, म्हणजे हवं ते उत्तर नकळत ओढून आणायला नको.

दुसरी गोष्ट धीराची. फ्रिट्झ झ्विकीने १९३३ मध्ये कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग तपासून न दिसणारं द्रव्य असलं पाहिजे असं सांगितलं. पुढची जवळपास चार दशकं ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पण मला त्याहून बोलकी वाटते ती एका उपकरणाची गोष्ट. समूहातला वायू खरंच शांत आहे का, हे थेट मोजायचं तर क्ष-किरणाच्या एकेका फोटॉनची ऊर्जा फार बारकाईने मोजावी लागते. त्यासाठीचा संवेदक निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य असलेल्या सर्वांत कमी तापमानाच्या, वर जेमतेम अंशाच्या विसाव्या भागाइतका थंड ठेवावा लागतो. असं उपकरण घेऊन निघालेला पहिला जपानी उपग्रह २००० मध्ये उड्डाणातच गेला. २००५ मध्ये सुझाकू कक्षेत पोचला, पण उपकरण थंड ठेवणारं हेलियम काही आठवड्यांत उडून गेलं. २०१६ मध्ये हितोमी गेला आणि सव्वा महिन्यात गरगरत फुटला. मात्र त्याआधी त्याने पर्सियस समूहाकडे पाहून घेतलं होतं. तिथल्या वायूची खळबळ निघाली सेकंदाला साधारण १६४ किलोमीटर, म्हणजे समूहाच्या मानाने चांगलाच शांत. त्यानंतर २०२३ मध्ये क्रिझ्म गेला आणि तो काम करतो आहे. या चारही खेपांना राबलेली माणसं आहेत. त्यांच्या जागी मी असते तर दुसऱ्या खेपेलाच दुकान बंद केलं असतं.

आता पगार. पैसा मुख्यतः सरकारी संशोधन निधीतून येतो, विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमार्फत. पदवी, पदव्युत्तर शिक्षण, मग चार ते सहा वर्षं पीएच.डी. या काळात साधारणपणे विद्यावेतन मिळतं, त्यात एकट्या माणसाचं भागतं. खरी कसोटी त्यानंतर, पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन नोकरीच्या टप्प्यावर. दोन-तीन वर्षांचे करार, असे दोन किंवा तीन, बहुतेकदा वेगवेगळ्या देशांत. कायमची जागा मिळालीच तर तोवर पस्तिशी आलेली असते. जोडीदारही संशोधक असेल तर दोघांना एकाच गावी नोकरी मिळवणं इतकं अवघड, की त्याला या क्षेत्रात, भौतिकशास्त्रातल्या दोन वस्तूंच्या गणितावरून, चक्क ‘टू-बॉडी प्रॉब्लेम’ म्हणतात. आणि हे लपवून चालणार नाही: पीएच.डी. करणाऱ्यांपैकी बहुतेकांना प्राध्यापकाची कायम जागा मिळत नाही. तेवढ्या जागाच नसतात.

म्हणजे बाकीचे वाया गेले का? मला तसं वाटत नाही. १९५८ मध्ये जॉर्ज एबेलने आकाशाचे फोटो घेतलेल्या काचेच्या छायापट्टिका डोळ्यांनी तपासून २,७१२ समूहांची यादी केली. आज ई-रोझिटा या एकाच क्ष-किरण दुर्बिणीने अर्ध्या आकाशात बारा हजारांहून जास्त समूह टिपले आहेत, आणि ते डोळ्यांनी मोजून होत नाही. त्यामुळे या वाटेने गेलेला विद्यार्थी पायथॉन, संख्याशास्त्र आणि मशीन लर्निंग पोटासाठी नव्हे, गरजेपोटी शिकतो. गोंगाटातून क्षीण खूण वेगळी काढण्याचं हेच कसब वैद्यकीय प्रतिमांत, हवामानाच्या प्रारूपांत, बँका आणि विमा कंपन्यांत लागतं. तिथे त्यांना नोकऱ्या मिळतात, आणि पगार सहसा जास्तच असतो.

‘आधी इंजिनिअरिंग’ याबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तिला उपकरणं बनवण्यात रस असेल, तर तो उत्तम रस्ता; तो थंड संवेदक कुणीतरी बनवलाच ना! पण तिला वजनाचा हा प्रश्नच सोडवायचा असेल, तर पुंजयांत्रिकी आणि सांख्यिकीय भौतिकशास्त्र चार वर्षांनी मागून भरून काढावं लागेल. ते जमतं, पण दमछाक होते. निव्वळ तुमच्या समाधानासाठी तिने ती चार वर्षं द्यावीत, असं मी म्हणणार नाही.

एक मात्र आजच करता येईल. चंद्रा या क्ष-किरण वेधशाळेची जुनी निरीक्षणं कुणालाही फुकट मिळतात, आणि ती उघडायचं डीएस९ नावाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. तिला पर्सियस समूहाचं निरीक्षण उतरवून घ्यायला सांगा. तो जवळचा आणि तेजस्वी आहे, मध्यभागी कृष्णविवराने वायूत उडवलेले बुडबुडे काळ्या खळग्यांसारखे स्पष्ट दिसतात. बिंदू हेरून वर्तुळं काढायचं काम तिला स्वतः करू द्या. पहिला दिवस नवलाईचा असतो, तेव्हा तिसऱ्या दिवशी ती काय करते आहे ते बघा. आणि त्या संध्याकाळी तिच्याशेजारी खुर्ची ओढून, पडद्यावरच्या एखाद्या काळ्या खळग्यावर बोट ठेवून ‘हे काय आहे गं?’ एवढंच विचारा. इंजिनिअरिंगचा विषय काढू नका. ती बोलेल.