१०४ डीबीच्या हॉर्न स्पीकरसाठी कोणतं ट्यूब ॲम्प किट बांधावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यात गावी राहता, बंद पडलेल्या टॉकीजमधली हॉर्न स्पीकरची जोडी मिळाली आहे, १६ ओहम, १०४ डीबी. त्यावर ३००बी या व्हॉल्व्हचं (व्हॉल्व्ह म्हणजेच ट्यूब) सिंगल एंडेड किट, म्हणजे प्रत्येक चॅनलला एकच आउटपुट व्हॉल्व्ह असलेलं, बांधावं का आणि त्याचे आठ वॅट पुरतील का?

वॅटची काळजी सोडा. १०४ डीबी म्हणजे एका वॅटला एक मीटरवर १०४ डीबी. एक मिलिवॅट दिला तरी ७४ डीबी, म्हणजे समोर बसून मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाइतका आवाज. दोन वॅटला १०७ होतात आणि घरातल्या खोलीत तेवढेही कधी लागत नाहीत. तुमची लढाई हमशी, म्हणजे विजेच्या घरघराटाशी आहे. हे स्पीकर गाणं जितकं मोठं करतात तितकाच ॲम्पचा घरघराटही मोठा करतात. आणि खेड्यात रात्री दहानंतर पंखा बंद केला की तो लपायला दुसरा आवाजच नसतो.

म्हणून पहिलं किट ३००बीचं घेऊ नका. ३००बी आणि २ए३ या व्हॉल्व्हमध्ये तापणारी तार (फिलामेंट) हीच इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड असते. त्याला एसी दिला की हम कमी करायचं पॉट (फिरवायचा रेझिस्टर) कितीही नीट फिरवलं तरी थोडा हम उरतोच, आणि तुमच्या हॉर्नवर तो ऐकू येतो. शांत करायचं तर फिलामेंटला डीसी पुरवठा लागतो. ते काम दुसऱ्या ॲम्पसाठी ठेवा. मी ईएल८४ हा आउटपुट व्हॉल्व्ह ट्रायोड जोडणीत (स्क्रीन प्लेटला जोडून) सुचवेन: २५० व्होल्ट, २७० ओहमचा कॅथोड रेझिस्टर, सुमारे ३५ मिलिॲम्पिअर, जेमतेम दोन वॅट. त्याच्या आधी, इनपुटला, १२एयू७ एकच, अर्धी डाव्या आणि अर्धी उजव्या चॅनलला. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) ईझेड८१. बऱ्याच किटमध्ये १२एएक्स७ येते. तिचा गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) इथे फार होतो, व्हॉल्यूम आठ वाजल्याच्या खुणेपुढे जातच नाही. १२एयू७ चे पाय तेच असले तरी नुसती बदलून चालत नाही. प्लेटचा १०० के (के म्हणजे हजार ओहम) रेझिस्टर काढून ४७ के आणि कॅथोडला १.५ के लावा.

आता पॉवर सप्लाय, कारण बहुतेक किटवाले पैसे इथेच वाचवतात. पुश-पुलमध्ये (आउटपुटला व्हॉल्व्हची जोडी) दोन बाजूंचा रिपल, म्हणजे डीसीत उरलेली एसीची लहर, एकमेकांना मारतो, सिंगल एंडेडमध्ये तो थेट स्पीकरवर येतो. ४७ मायक्रोफॅरडचा पहिला कपॅसिटर, मग १५० ओहमचा रेझिस्टर, मग १०० मायक्रोफॅरड, अशा सप्लायवर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या १६ ओहमच्या टॅपला अंदाजे १६ मिलिव्होल्ट हम निघतो. तुमच्या स्पीकरवर तो ५६ डीबी होतो. साध्या ८८ डीबीच्या स्पीकरवर तोच ४० च्या आसपास, म्हणून किटची तारीफ करणाऱ्यांना तो जाणवलेला नसतो. रेझिस्टरच्या जागी १० हेन्री, १०० मिलिॲम्पिअरचा चोक (लोखंडी कोरवरची तारेची गुंडाळी) टाका, हम ०.४ मिलिव्होल्टवर येतो, म्हणजे २४ डीबी. किटवर करायचा एकच जादा खर्च असेल तर तो चोकचा करा. ईझेड८१ ला पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा देऊ नका, सुरू होतानाच्या करंटनं ती मरते. कपॅसिटर ४५० व्होल्टचे आणि १०५ डिग्रीचेच घ्या. मे महिन्यात खोलीच ४० च्या वर असते, डब्यातलं विचारू नका.

मेन ट्रान्सफॉर्मर मागवण्याआधी घरचा व्होल्टेज आठवडाभर लिहून ठेवा: सकाळी, ओलिताचे पंप चालू असताना आणि मध्यरात्री. पंप बंद झाले की डीपीजवळच्या घरांत २४५ दिसणं नवल नाही. २२० चं चिनी किट २४५ वर लावलं तर ६.३ चा हीटर ७ व्होल्टवर जातो. दहा टक्क्यांची सूट धरली तरी हे जास्तच. अमेरिकन १२० व्होल्टचं किट स्टेपडाउन लावून चालवण्याचा मोह टाळा. तो ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झचा असेल तर ५० वर कोर भरतो, तापतो आणि गुरगुरतो. तालुक्याला मोटार रिवाइंडिंग करणारा चांगला असेल तर ०-२२०-२३०-२४५ असे टॅप काढून मेन ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्या: सेकंडरी २५०-०-२५०, १०० मिलिॲम्पिअर आणि ६.३ व्होल्ट ४ ॲम्पिअर (लागतो २.८). आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र त्याच्याकडून नको. त्यातून सतत डीसी वाहतो, कोरमध्ये मोजून गॅप ठेवावा लागतो, प्रायमरी-सेकंडरीचे थर आलटून पालटून द्यावे लागतात. तो तयारच आणा, ५ के प्रायमरी आणि १६ ओहमचा टॅप असलेला.

भोकं पाडण्याआधी एक तपासणी करा. मेन ट्रान्सफॉर्मरच्या फक्त प्रायमरीला वीज द्या, सगळी टोकं टेप लावून झाका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडून तो टेबलावर फिरवा. जिथे घरघर सर्वांत कमी तिथेच त्याची जागा, बहुधा मेनशी काटकोनात. चोकचीही जागा अशीच ठरवा. चासिस लोखंडी पत्र्याची नको, लोखंड मेनचं चुंबकत्व आउटपुटपर्यंत पोहोचवतं. आलापल्लीच्या सागाची चौकट आणि वर २ मिमी ॲल्युमिनियमची पाटी, हे सुंदरही दिसतं. खालून बारीक जाळी लावाच; गरम डब्याखाली पाल हमखास शिरते आणि ३०० व्होल्टवर शॉर्ट होते.

जोडणीत नेहमी चुकतं ते सांगतो. पाय खालून, घड्याळाच्या दिशेनं मोजायचे. ईएल८४ ला २ ग्रिड, ३ कॅथोड, ४-५ हीटर, ७ प्लेट, ९ स्क्रीन. ट्रायोडसाठी ९ आणि ७ मध्ये १०० ओहम, आणि पाय २ ला सॉकेटवरच १ के. तो लांब ठेवला की व्हॉल्व्ह ऑसिलेट होतो. १२एयू७ मध्ये ४ आणि ५ एकत्र करून एक तार, दुसरी ९ ला. ६.३ व्होल्ट ४-५ मध्ये दिले तर व्हॉल्व्ह मंद पेटतो, आवाज बारीक येतो आणि माणूस दोन दिवस सोल्डरचे डाग तपासत बसतो. हीटरच्या तारा घट्ट पिळून कोपऱ्यातून न्या. दोन्ही तारांपासून १००-१०० ओहम एका बिंदूला आणा. तो बिंदू जमिनीला न जोडता बी प्लसवरून (सप्लायचा मुख्य डीसी व्होल्टेज) २२० के आणि ३३ के लावून मिळणाऱ्या ३५-४० व्होल्टला जोडा, तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड, १०० व्होल्ट. या एका युक्तीनं ५० हर्ट्झचा हम बराच उतरतो.

चासिस तिसऱ्या पिनला जोडणं सक्तीचं, पण त्या पिनमागे खरोखर अर्थ आहे का ते बघा. मल्टिमीटरनं फेज-अर्थ २३० दाखवले म्हणून खुश होऊ नका. मीटर मायक्रोॲम्पिअर ओढतो, त्याला कुजका अर्थही पुरतो. आपल्या भारी काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि माती सळईला सोडते. खड्ड्यात कोळसा-मीठ भरा, उन्हाळाभर पाणी द्या आणि वायरमनकडून अर्थ टेस्टरनं मोजून घ्या.

पहिल्यांदा सुरू करताना व्हॉल्व्ह काढून, ६० वॅटच्या बल्बच्या सिरीज बोर्डवरून. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग व्हॉल्व्ह घाला, स्पीकरऐवजी ८.२ ओहमचे दहा-दहा वॅटचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावा आणि थेट मेनवर घ्या, १ ॲम्पिअरच्या स्लो फ्यूजसह. ईएल८४ च्या कॅथोडला ९ ते ११ व्होल्ट हवेत. १३-१४ दिसले तर कपलिंग कपॅसिटर (१२एयू७ आणि ईएल८४ च्या मधला) गळतो आहे, बंद करा. हात घालण्याआधी प्लग काढून दोन मिनिटं थांबा आणि मीटरवर बी प्लस १० व्होल्टखाली आलेला पाहा. ३०० व्होल्ट माणूस मारतात.

इनपुट शॉर्ट करून आउटपुटला एसी मिलिव्होल्ट मोजा. १ च्या आत असेल तरच हॉर्न जोडा, आणि पहिल्या दिवशी कॉम्प्रेशन ड्रायव्हरच्या (हॉर्नमागच्या आवाज काढणाऱ्या युनिटच्या) सिरीजमध्ये २० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर ठेवा. हम जास्त असेल तर १२एयू७ काढून ऐका. तरीही राहिला तर दोष सप्लायचा किंवा ट्रान्सफॉर्मरच्या जागेचा; गेला तर हीटर, ग्राउंड किंवा इनपुटच्या तारेचा. मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये १०० हर्ट्झ दिसला तर बी प्लस, ५० दिसला तर हीटर, ग्राउंड लूप किंवा चुंबकत्व.

सुटे भाग नागपूरच्या सीताबर्डीला मिळाले नाहीत तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून मागवा. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईएल८४ कुठे मिळाले तर जरूर घ्या. इन्व्हर्टरवर ऐकायचं असेल तर तो साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो. बिछायतवाल्याचा भोंगा यावर लावून पाहू नका. त्यात १०० व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर असू शकतो, आणि खर्जाचे सूर त्यातून येतच नाहीत. जूनमध्ये ढग गडगडायला लागले की प्लग काढून ठेवा.