स्नोमोबाइल कुठे चालते, कुठे नाही

प्रश्न : जानेवारीत मुलाकडे अमेरिकेत, माँटानातल्या बोझमनला जाणार आहोत. गुलमर्गला स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या इंजिनाच्या गाडीवर, चालकामागे बसून फेरी मारली होती. आता स्वतः चालवायची आहे. मुलगा म्हणतो, नॅशनल फॉरेस्ट सरकारी, म्हणजे सगळ्यांना खुलं. मग गाडी कुठेही नेता येते का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही. अमेरिकेच्या वनखात्याच्या २०१५ च्या नियमानुसार, पुरेसा बर्फ पडणाऱ्या प्रत्येक नॅशनल फॉरेस्टने स्नोमोबाइलला कोणते रस्ते, वाटा आणि भाग खुले, याचा नकाशा काढायचा आहे. नकाशात खुलं दाखवलेलं नाही ते बंद, तिथे पाटी असो वा नसो. काही फॉरेस्टचे नकाशे अजून व्हायचे आहेत. तिथे रेंजरच्या कचेरीत चालू बंदी आदेश विचारूनच निघा. नकाशा फुकट मिळतो. तो घरूनच मोबाइलवर उतरवून ठेवा, कारण रानात रेंज नसते, जीपीएस मात्र चालतं.

चूक होते ती बहुधा हद्दीवर. ‘वाइल्डरनेस’ म्हणून राखलेल्या भागात १९६४ च्या कायद्याने इंजिनाची गाडी वर्ज्य आहे. तिथे कुंपण नसतं, पाट्या बर्फात गाडल्या जातात आणि आधीच्या कुणाची तरी चाकोरी आत गेलेली दिसते. त्या चाकोरीवर विसंबू नका.

जनावरांसाठी काही भाग हिवाळ्यात बंद ठेवतात, ती बंदी तर कसोशीने पाळा. एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) आणि इतर हरणं अंगातल्या चरबीवर हिवाळा काढतात. गाडीला बिचकून खोल बर्फातून पळालं की जी ताकद जाते, ती भरून काढायला चारा नसतो. या बंदीच्या तारखा फॉरेस्टगणिक वेगळ्या असतात.

अनेक ठिकाणी किमान १२ इंच बर्फाची अटही असते. त्याहून कमी असला तर गाडीचा रबरी पट्टा माती आणि रोपं खरवडतो. गाडीचंही नुकसान होतं : पट्टा ज्या रुळांवरून फिरतो त्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्यांना वंगण आणि गारवा दोन्ही उडणाऱ्या बर्फाचाच. कडक गोठलेल्या रस्त्यावर त्या तापून वितळतात, इंजिनही तापतं. तापमानाचा काटा चढू लागला तर थांबा.

नवख्याने यंत्राने दाबून केलेल्या वाटेवरच राहावं. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर आणि त्याच्या पायथ्याशी हिमकडा कोसळण्याचा धोका असतो. त्या सकाळचा या धोक्याचा अंदाज पाहिल्याशिवाय तिकडे फिरकू नका.

यलोस्टोन जवळच आहे, पण ते नॅशनल पार्क. तिथले नियम आणखी कडक. तिथे ठरलेल्या बर्फाच्या रस्त्यांवरच, तेही वाटाड्यासोबत किंवा सोडतीत परवाना लागला असेल तरच जाता येतं.