गोष्टीखालची टीप घ्या, पण तिच्या भरवशावर पगार कमी करून घेऊ नका

प्रश्न : मी नोकरी सांभाळून सात वर्षं रात्री गोष्टी लिहिते. वाचायला त्या मोफत आहेत आणि तशाच राहाव्यात असं वाटतं. वाचकांनी फार आग्रह केला म्हणून तीन महिन्यांपूर्वी गोष्टीखाली ऐच्छिक टीप, म्हणजे खुशीने दिलेले पैसे, पाठवायची सोय सुरू केली. आतापर्यंत २३ जणांनी पैसे पाठवले. सगळे मिळून माझ्या एका महिन्याच्या पगाराच्या एक दशांश होतात. त्यातले ६० टक्के एकाच वाचकाने एका रात्रीत पाठवले आणि सोबत लिहिलं, 'पुढच्या भागात मोठ्या बहिणीला मारू नका.' तेव्हापासून तो भाग अडलाय. लिहायला वेळ मिळावा म्हणून ऑफिसमधून आठवड्याचा अर्धा दिवस कमी करून घ्यावा, असं मनात आहे. आठवडा पाच दिवसांचा आहे आणि पगार त्याच प्रमाणात कमी होईल. घरून विरोध नाही. माझ्या दोन मालिका दुसऱ्या लेखिकेच्या पात्रांवर बेतलेल्या आहेत, त्यांच्याखालीही टीपची सोय ठेवली आहे. पैशांमुळे लिहिण्यातला आनंद जाईल का? टीप घेत राहू का?

उत्तर : हो, घेत राहा. ऑफिसचा अर्धा दिवस मात्र आज सोडू नका. तुमच्या पत्रात हे दोन निर्णय एकमेकांत गुंतलेत, ते आधी सुटे करू.

पाच दिवसांतला अर्धा दिवस म्हणजे पगाराचा दहावा भाग, दर महिन्याला. टीपचे पैसेही एक दशांशच आहेत, पण ते तीन महिन्यांत मिळून. महिन्याकाठी हिशेब केला तर ते पगाराच्या ३.३ टक्के भरतात. म्हणजे जाणार १० आणि येणार ३.३. त्या एका वाचकाचे पैसे बाजूला काढले की उरतात जेमतेम १.३ टक्के. तो वाचक पुन्हा कधी पैसे पाठवणारही नाही, आणि तसं करायचा त्याला पूर्ण हक्क आहे. शिवाय पगार कमी झाला की निवृत्तीसाठी कापली जाणारी रक्कम कमी होते आणि उद्या कर्ज काढायची वेळ आली तर पात्रताही घटते. तुमच्या पत्रात या गोष्टी कुठेच दिसत नाहीत.

वेळ तुम्हाला हवाच आहे आणि ती गरज खरी आहे. पण तो विकत घ्यायचा असेल तर बचतीतून घ्या, टीपमधून नाही. बिनपगारी रजा मिळत असेल तर वर्षातून एक आठवडा काढा आणि त्याचे पैसे आधीच साठवून ठेवा. कायमचा अर्धा दिवस सोडायचा विचार मी केव्हा करेन, तेही सांगते. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा साठलेला असावा. आणि सलग बारा महिन्यांच्या नोंदीत, सगळ्यात मोठा देणारा वगळून, सगळ्यात वाईट तिमाहीची निव्वळ जमाही महिन्याकाठी पगाराच्या त्या १० टक्क्यांच्या पुढे गेलेली असावी. तसं झालं तर पुन्हा पत्र पाठवा, मी आनंदाने वेगळा सल्ला देईन.

आता आनंदाबद्दल. मला तुमच्या पत्रातला हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटला. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं त्यांनी निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही, पण चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र हातात दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं नुसती ठेवून दिली, तेव्हा पहिल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. अवचित बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

मोठ्या माणसाचं लिहिणं आणि चार वर्षांच्या मुलाचं चित्र एकच नाही, हे मान्य. पण ही वाट तुमच्या कामाची आहे. गोष्ट लिहून झाल्यावर, न मागता, न ठरवता आलेला पैसा फारसा बोचत नाही. 'हे केलंस तर ते मिळेल' असा करार मनात शिरला की लिहिणं कामासारखं वाटायला लागतं. म्हणून तुमची टीप शक्य तितकी अवचित ठेवा. पैसे आल्याची सूचना फोनवर येत असेल तर ती आजच बंद करा. खातं तीन महिन्यांतून एकदाच, ठरलेल्या दिवशी उघडा. टीपची ओळ पूर्ण झालेल्या गोष्टीच्या शेवटी असू द्या, अर्धवट टांगलेल्या भागाखाली नको. दरमहा वर्गणीची सोय सध्या तरी सुरू करू नका. वर्गणी आली की तारीख आली, आणि तारखेला नवा भाग देणं लागतं. आणि आलेल्या पैशांना लिहिण्याच्या तासांनी भागू नका. मी दिवसभर लोकांचे ताशी दर काढत असते, तरी तुमच्या बाबतीत तो काढायला मी तयार नाही. तो दर नेहमीच केविलवाणा निघेल आणि सात वर्षांच्या रात्रींबद्दल काहीच खरं सांगणार नाही.

व्यवहाराच्या काही गोष्टी. टीपमधून बहुतेक ठिकाणी दोन कपाती होतात, एक सोय पुरवणाऱ्याची आणि एक पैसे वळते करणाऱ्याची. दुसरीत बऱ्याचदा टक्केवारीवर एक ठरावीक रक्कमही असते आणि छोट्या टीपला तीच खाते. समजा ५ टक्के, ३ टक्के आणि वर ठरावीक १० अशी कपात आहे. मग ५०० मधले ४५० हाती येतात, पण ५० मधले फक्त ३६. म्हणून लहान रकमा पाठवणाऱ्यांना वर्षातून एकदाच पाठवा असं सुचवलंत तर दोघांचंही भलं. कार्डाने दिलेले पैसे देणारा बँकेकडे तक्रार करून परत मागू शकतो, बऱ्याचदा १२० दिवसांपर्यंत. तेव्हा आलेली मोठी रक्कम चारेक महिने हात न लावता पडू द्या.

कराच्या बाबतीत लोक हमखास एक चूक करतात. 'मी तर भेट म्हणून घेते' असं म्हटल्याने ती भेट ठरत नाही. पैसे लेखनासाठी आले का, हे पाहिलं जातं, आणि नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत छंदातून आलेल्या पैशांवर कर लागतो आणि २०१८ पासून त्या छंदाचा खर्च त्यातून वजाही करता येत नाही. ब्रिटनमध्ये किरकोळ व्यवसायाची वर्षाला पहिल्या १००० पौंडांपर्यंतची जमा सहसा करमुक्त असते. तुमच्या देशाचा नियम स्थानिक कर सल्लागाराला एकदा विचारून घ्या. तोवर प्रत्येक टीपमधला चौथा हिस्सा बाजूला ठेवा. टीपसाठी वेगळं खातं काढा आणि नोकरीच्या करारात बाहेरच्या उत्पन्नाबद्दल कलम आहे का, तेही वाचा.

दुसऱ्या लेखिकेच्या पात्रांवरच्या दोन मालिकांखालची टीपची ओळ मात्र आज रात्रीच काढा. इथे मी अजिबात सवलत देणार नाही. पात्रं तिची आहेत, त्यांच्या नावावर पैसे घेतले की प्रेमाने केलेलं लेखन हक्कभंगाच्या तक्रारीला तोंड देऊ शकतं. चाहत्यांच्या लेखनाचा 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हा प्रचंड संग्रह तर टीपच्या पानाचा दुवा द्यायलाही मनाई करतो. त्या मालिका लिहीत राहा, मोफत.

खात्यात साठेल त्याचं काय करायचं? पहिलं वर्ष ते घरखर्चात मिसळू नका, हप्त्याला लावू नका. आणि पैसे आलेत म्हणून मुखपृष्ठांवर, नव्या यंत्रावर, महागड्या कार्यशाळांवर उधळूही नका. मी असे छंद पाहिलेत, जे टीप येण्याआधी फुकट होते आणि टीप यायला लागल्यावर तोट्यात गेले. वर्षाअखेरीस जमलं असेल तर त्या बिनपगारी आठवड्यात घाला.

राहिला तो वाचक. पैसे परत करायची गरज नाही, पण गप्पही बसू नका, कारण न लिहिलेलं उत्तरच तुमचा भाग अडवून बसलंय असं मला वाटतं. त्याला दोन ओळी पाठवा : 'तुमचे पैसे पोचले, मनापासून आभार. मोठ्या बहिणीचं काय होईल ते गोष्टच ठरवेल. हे मान्य नसेल तर रक्कम परत करते, निःसंकोच कळवा.' मग त्याच्या उत्तराची वाट न पाहता तो भाग लिहायला बसा.