शंभर वर्षांपूर्वी शेतकरी घरातली लग्नं कशी व्हायची, आणि पणजीचं माहेर शोधायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की पणजोबांचं लग्न 1920 च्या आगेमागे झालं, घर शेतकऱ्याचं, आणि पणजीचं माहेर आज घरात कुणालाच सांगता येत नाही. त्या काळच्या चालीरीतींतून काही धागा मिळेल का, असं विचारताय. मिळतो. आमचं घर वाळवा तालुक्यातलं. मी हाच उद्योग तीन-चार वर्षं केला, म्हणून थोडं लांबण लावतो.

बहुतेक जण कागदांपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. जुन्या मोडी कागदांत पुरुषाच्या नावापुढे 'बिन' आणि बापाचं नाव असतं. बाई मात्र 'अमकी कोम तमका', म्हणजे तमक्याची बायको. तिला कागदात नवरा मिळतो, बाप मिळत नाही. त्यातून लग्नात नाव बदललेलं असलं की संपलंच. शिवाय कचेरी कुठली ते बघा. आमचा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली पडलं. मी पहिले सहा महिने फक्त सांगलीतच चकरा मारल्या.

लग्नाचं साल मला मिळालं ते भलत्याच कागदात, एका गहाणखतात. खापरपणजोबांनी मळ्याचा तुकडा सावकाराकडे टाकला होता आणि कारण लिहिलं होतं, 'मुलाचे लग्नाकरिता'. मोडी वाचणाऱ्या गुरुजींनी ती ओळ दोनदा वाचून दाखवली. खर्च कसला, तर देज, लुगडी-पागोटी आणि गावजेवण. हो, देज. हुंड्याची चाल तेव्हा आमच्याकडच्या साध्या शेतकरी घरांत फारशी नव्हती. मुलाचा बाप मुलीच्या बापाला पैसे मोजायचा. शेतात राबणारे दोन हात जाणार, त्याची ती भरपाई. हे आज सांगितलं की नातवंडांना खरं वाटत नाही.

साल अंदाजाने ठरवायला म्हाताऱ्यांच्या बोलण्यातल्या खुणाही उपयोगी पडतात. चातुर्मासात लग्न नाही, म्हणजे सुगी उरकल्यावर माघ ते ज्येष्ठ एवढेच महिने. सिंहस्थात, म्हणजे बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो त्या सुमारे वर्षभरात, पुष्कळ घरं लग्न धरत नसत, आणि 1920 च्या उन्हाळ्यानंतर सिंहस्थ लागला होता. 'सिंहस्थाच्या आधी उरकलं' असं कुणी म्हणत असेल तर तो वैशाख तुम्हाला सापडला. 'शारदा कायद्याच्या भीतीनं घाईत उरकलं' असं म्हणत असतील तर 1930. मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा अशी अट घालणारा तो कायदा त्या साली 1 एप्रिलला लागू झाला आणि त्याआधी ठिकठिकाणी लग्नांची झुंबड उडाली. (कायदा हरविलास सारडांचा, आपल्या लोकांनी त्याची शारदा केली.)

आता माहेर. पहिला प्रश्न असा विचारा: पणजोबांचं आजोळ कुठलं? मामाची मुलगी करायची चाल आमच्याकडे इतकी होती की निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं. नसेल तर देवक, म्हणजे कुळाची खूण म्हणून लग्नात पुजतात ते झाड वगैरे, बघा. आमचं देवक कळंब. ज्यांचं देवक कळंब, त्यांच्याशी सोयरीक होत नाही, म्हणजे पंचक्रोशीतली काही घरं आपोआप गळतात. लग्नानंतरच्या जागरण-गोंधळात कुठल्या देवांना हाक घालतात तेही नीट ऐका. आमच्या गोंधळात जेजुरी-तुळजापूरच्या मागोमाग एका लहानशा गावच्या देवीचं नाव यायचं. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. ते पणजीचं माहेर निघालं.

यावर शिक्कामोर्तब केलं हेळव्यानं. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी बैल घेऊन येतात, दारात बसून कुळाची वंशावळ म्हणतात आणि धान्य घेऊन जातात. त्यांच्या वहीत मुख्यतः मुलगेच असतात, पण आमच्या हेळव्यानं कोणाची सून कुठून आणली तेही सांगितलं. तुमच्या गावाला ते येत असतील तर आधी त्यांना गाठा, कचेरी नंतर.

लग्न कसं व्हायचं म्हणाल, तर आजीनं तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगतो. पणजी नऊ वर्षांची. सुपारी फुटली ती दोन्हीकडच्या बाप्यांच्या बैठकीत, तिला कुणी विचारलंही नाही. जात्याला हळकुंड-सुपारी बांधून बायकांनी हळद दळली, ओव्या म्हटल्या. वऱ्हाड गाड्यांतून आलं, नवरदेव मारुतीच्या देवळात उतरला. कुंभारानं बोहल्याची उतरंड आणली, परटानं पायघड्या घातल्या, प्रत्येकाचा मान ठरलेला. एखाद्याचा विडा चुकला की रुसवा वर्षानुवर्षं चाले. अक्षता ज्वारीच्या, तांदूळ कुणाकडे होता एवढा? गव्हाची खीर पत्रावळीवर. चार दिवस हे चाललं. मग पणजी पुन्हा माहेरी गेली, आणि न्हाण आल्यावर मुऱ्हाळी, म्हणजे सोबतीचा माणूस, घेऊन सासरी आली ती पाचेक वर्षांनी. सासरच्या वाटेवर ती गाडीत झोपली होती, एवढंच तिला आठवायचं.

या सगळ्यात भटजी होते की नाही तेही विचारा. फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं 1873 पासूनच भटजीविना लग्नं लावायला सुरुवात केली होती आणि साताऱ्याकडे पुढे हे लोण चांगलंच पसरलं. कर्ज काढून लग्न करण्याला खरा चाप मात्र प्रतिसरकारच्या, म्हणजे साताऱ्याकडच्या क्रांतिकारकांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या समांतर सरकारच्या काळात, 1943 नंतर, लागला. आमच्या आजीचं लग्न त्यातलं 'गांधी लग्न': सुताचे हार, जेवणावळ नाही. तिच्या सासूला शेवटपर्यंत ते लग्न वाटलं नाही.

एक नाजूक गोष्ट राहिली. 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, घरंच्या घरं बसली आणि नंतर पुष्कळ विधुर-विधवांचे पाट लागले. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. रात्री, थोडक्या माणसांत, वाजंत्री नाही. नवऱ्याचं आधी लग्न झालेलं नसेल तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावत. पुढच्या पिढ्या हे बोलत नाहीत, 'माहेर माहीत नाही' म्हणून सोडून देतात. तेव्हा विचारताना जपून. भर पंगतीत नको, म्हातारी एकटी असताना जवळ बसून विचारा.

आणि देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देवांचे आणि पूर्वजांचे ठसे उमटवलेले धातूचे लहान पत्रे, मोजा. आमच्याकडे खंडोबा, भवानीच्या रांगेत बाईचा एक लहान चांदीचा टाक होता. तो देवीचा म्हणून आम्ही पूजत होतो. आजी म्हणाली, ही तुझ्या पणजोबाची पहिली बायको, मानमोडीत गेली. पणजी सवतीचा टाक म्हणून तो आयुष्यभर गळ्यात घालायची. म्हणजे गहाणखतातलं लग्न कुठलं, पहिलं की दुसरं, हे मला पुन्हा नव्यानं तपासावं लागलं. ते निघालं पहिलं. पणजीच्या लग्नाचा कागद मला अजून सापडलेला नाही, आणि पहिलीचं माहेर तर हेळव्याच्या वहीतही नव्हतं.