इरकलीचा नवा काठ आखण्यापूर्वी
इरकल साडीचा नवा काठ कागदावर उतरवण्यापूर्वी ती रोज नेसणाऱ्या दहा-बारा बायकांच्या घरी जाऊन बसा, असे मी तुम्हाला मनापासून सांगेन. ‘कोणता रंग आवडतो?’ असे विचारल्यास पाहुण्याला बरे वाटेल तेच उत्तर मिळते. त्याऐवजी सर्वांत जास्त नेसलेले लुगडे मागा आणि ते कुठे विरले आहे, अंगाचा ताणा (उभे धागे) पदराच्या रेशमी ताण्याला जिथे जोडतात तिथे ते उसवले आहे का, हे हाताने चाचपून पाहा. एका आजींचा टोपपदर, म्हणजे इरकलीचा तो जोडलेला रेशमी पदर, अखंड होता, पण टाचेकडचा काठ दोरा दोरा झाला होता. नऊवारीच्या सुमारे ८.२ मीटर लांबीतला बराचसा काठ निऱ्यांत आणि कासोट्यात जातो, म्हणून नक्षी नेसलेल्या लुगड्यावरच पारखावी. दुकानदाराला मात्र खपलेल्या मालाआधी पडून राहिलेला माल दाखवायला सांगा.